दाढेतील तुकडा

गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी, दीड दिवसाच्या गणपतीची उत्तरपूजा आटोपून आम्ही नेवरीचा पहिला घास घेतला, आणि खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ असा ठणका मारून उठली की हातातील नेवरी तशीच पानात राहिली. नेवरीचा यात काही अपराध नव्हता. ही दाढ गेली दोन वर्षे थंड पाण्याच्या प्रत्येक घोटाला आम्हांस सूचना देत आली होती. आणि पक्षकारांना मुदतीचे महत्त्व पटवून देण्यात ज्यांची वीस वर्षे गेली ते आम्ही, तिच्यापुढे तारखांवर तारखा मागत आलो होतो. माटोळीला बांधलेली कवंडळे डोक्यावर डुलत होती. ती दरवर्षी देवळासमोर फुले विकणारी मावशी आठवणीने पाठवते. त्या मावशीकडे या लेखात पुढे यावेच लागणार आहे. तूर्त दाढेकडे वळू.

तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीचे एक तरुण दंतवैद्य आहेत. त्यांनी दाढेवर लहानशी मूठ ठोकून पाहिली, आम्ही खुर्चीतून वीतभर वर उडालो, आणि तेवढ्यावरच निदान झाले. "वकीलबाब, आतली नस गेली. रूट कॅनल करावे लागेल." सहीसाठी एक छापील कागद पुढे आला. दुसऱ्याचा कागद चष्मा पुसून तीनदा वाचणाऱ्या आम्ही तो न वाचताच सही केली. दात दुखत असता मनुष्य काय वाटेल त्यावर सही करील, हे त्या दिवशी आम्हांस स्वानुभवाने कळले.

रूट कॅनल हा शब्द आता आमच्याकडे आजीबाईंच्याही तोंडी बसला आहे. पण त्यात नेमके काय करतात हे खुर्चीत बसेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते. दाढेच्या मुळांतून बारीक नळ्या गेलेल्या असतात. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या, पुढच्या मुळात दोन व मागच्यात एक. नळ्यांतील सडलेली नस काढायची, आतल्या भिंती घासून औषधाने धुवायच्या, आणि मग गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाने त्या कायमच्या बुजवायच्या, असा हा विधी. घासण्याचे काम ज्या सुईसारख्या कानशीने होते तिला दंतवैद्य फाईल म्हणतात. फाईल आमच्याही व्यवसायात असते, परंतु आमची फाईल फार तर हरवते, मोडत नाही.

त्यांची मोडते. तिसऱ्या खेपेस आमच्या तोंडावर रबराचा पडदा ताणून बसविलेला होता, यंत्राची बारीक घरघर चालू होती, आणि मध्येच ती थांबली. दंतवैद्यांनी यंत्र बाहेर काढले, फाईल डोळ्यांजवळ धरली, तिची लांबी मापून पाहिली. मग त्यांनी आपल्या तोंडावरची पट्टी खाली ओढली व आमच्याकडे सरळ पाहून ते म्हणाले, "वकीलबाब, एक गोष्ट सांगायची आहे. फाईलचे टोक आत मोडून राहिले. माझ्या हातून मोडले."

आरोपीने आपण होऊन कबुलीजबाब द्यावा आणि वकिलाच्या तोंडावर रबराचा पडदा असावा, हा प्रसंग आमच्या आयुष्यात पहिलाच. उलटतपासणीची सोय नव्हती. तथापि त्या अवस्थेतही आमच्या मनात पहिला विचार जो आला तो दाढेचा नव्हता, नोटिशीचा होता, हे कबूल केले पाहिजे. 'माझ्या अशिलाच्या सूचनेवरून' एवढी सुरुवात मनात झालीसुद्धा; मग लक्षात आले की अशील आम्हीच.

त्यांनी तिथल्या तिथे क्ष-किरणांचे चित्र काढून पडद्यावर दाखविले. पुढच्या मुळाच्या एका नळीत, जिथे ते मूळ मागे वळू लागते त्याच्या जरासे वर, एक पांढरी रेघ होती. लांबी तीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. आम्ही ती रेघ पाहत राहिलो, आणि आमच्या व्यवसायाने लावलेल्या सवयीप्रमाणे एक प्रश्न आपोआप उभा राहिला: यांनी हे सांगितले नसते तर? नळीत भरायचा गटापर्चाही या चित्रात पांढराच दिसतो. वरून तो भरून, दाढेला टोपी चढवून, त्यांनी आम्हांस निरोप दिला असता, तर पांढऱ्यात पांढरे कोणाला दिसले असते? दुसऱ्या एखाद्या दंतवैद्याला दिसले असते कदाचित. आम्हांला जन्मात दिसले नसते. तरी त्यांनी सांगितले, आणि त्या दिवसाचे पैसे घेण्याचे नाकारून मडगावच्या एका तज्ज्ञ बाईंच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीतही शब्द तोच होता: मोडली.

घरी येऊन आम्ही या फाईलचा शोध घेतला. खटला असो वा नसो, पुरावा गोळा करण्याची खोड जात नाही. दाताच्या नळीत घालण्याची पहिली कानस १८३८ च्या सुमारास एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून केली असे सांगतात. हाच गृहस्थ पुढे बंदुकीचा बार पेटविण्याच्या एका युक्तीसाठीही प्रसिद्ध झाला. दात आणि बंदूक यांचा मेळ त्याने कसा घातला कोण जाणे. पुढे पुष्कळ वर्षे फाईल पोलादाच्या होत्या. पोलादी फाईल वाकड्या नळीत जाताना हट्ट धरते. मूळ वळले तरी आपण सरळच जाऊ पाहते. अमेरिकेच्या आरमारी प्रयोगशाळेत निकेल व टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू हाती आला होता. कितीही वाकवा, सोडला की पूर्ववत होणारा. १९८८ मध्ये त्याच्या फाईलचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले, आणि आज त्या जगभर यंत्राला लावून फिरविल्या जातात. फरक एवढाच की पोलादी फाईल मोडण्यापूर्वी बहुधा तिचे पीळ उलगडलेले दिसतात, ती सूचना देते. ही नवी धातू पुष्कळदा कसलीही सूचना न देता मोडते. वळणात फिरताना प्रत्येक फेऱ्यात तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दबते. तार मागेपुढे वाकवून तोडावी तसेच हे, मात्र मिनिटाला सुमारे तीनशे वेळा. किंवा टोक अरुंद जागी अडकते, मागचा भाग फिरतच राहतो आणि पिळवटून तुटते. हात कितीही कसलेला असो, दोन्ही प्रकार त्याच्या हातून घडतात.

मडगावच्या तज्ज्ञ बाई वयाने चाळिशीच्या, बोलण्यात मोजक्या. त्यांनी चित्र पाहिले आणि आमची अपेक्षा होती तसे 'काढून टाकू' असे न म्हणता विचारले, "काढायचाच का?" हा प्रश्न आम्हांस चमत्कारिक वाटला. परक्याची वस्तू आपल्या मालमत्तेत अनधिकाराने शिरली असता ती हटवायची का, असे कोणी विचारते काय? पण त्यांचे म्हणणे असे की तुकडा स्वतः विष नाही. तो वाट अडवतो, आणि अडलेल्या वाटेपलीकडे घाण राहिली तर त्रास तिचा. मेलबर्न येथे ८४६० दातांची दप्तरे तपासून २००५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २७७ दातांत मोडके तुकडे राहिलेले आढळले. तुकडा राहिलेले व न राहिलेले दात जोडीजोडीने ताडून पाहिले, तेव्हा पहिल्यांत शेकडा ९१.८ बरे झालेले निघाले आणि दुसऱ्यांत शेकडा ९४.५. मुळाच्या टोकाशी आधीच गळू असेल तर हे अंतर वाढलेले दिसले. उलट बाजूने, तुकडा काढायचा तर त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मुळाचा चांगला भाग कोरावा लागतो. फार कोरले तर भिंतीला भोक पडते किंवा पुढे कधी तरी मूळच उभे चिरते. वळणापलीकडे गेलेल्या तुकड्याच्या मागे लागायचे नाही, हा त्यांचा नियम. आमचा तुकडा वळणाच्या अलीकडे होता, त्याचे डोके दिसण्याजोगे होते, आणि मुळाच्या टोकाशी चित्रात एक काळसर सावली होती. "म्हणून काढून पाहू," त्या म्हणाल्या, "पण पाऊण तास. तेवढ्यात नाही निघाला तर थांबेन." स्वित्झर्लंडात एका ठिकाणी ९७ तुकड्यांपैकी ८४ काढता आले होते, पण वेळ वाढेल तशी यशाची आशा कमी होते, हेही त्यांनी सांगून ठेवले. आमच्या न्यायालयात कोणी पहिल्याच दिवशी असे बजावून ठेवील तर किती खटले वाचतील, असे वाटून गेले.

त्या पाऊण तासाचे वर्णन करण्याजोगे आम्हांस फारसे दिसले नाही. दिसले ते नंतर, त्यांनी टिपून ठेवलेल्या चित्रफितीत. छताकडून आलेल्या एका लांब दांड्यावर सूक्ष्मदर्शक लटकत होता आणि बाईंचे डोळे त्याला लागलेले होते. उरलेल्या दोन नळ्यांच्या तोंडांशी त्यांनी कापसाचे बोळे बसविले होते. कारण विचारता कळले की सुटलेला तुकडा उडून शेजारच्या नळीत पडल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे एका घरातून निघालेला भाडेकरू दुसऱ्या घरात घुसावा तसे. मग तुकड्यापर्यंतची वाट सरळ व रुंद करून त्याच्या डोक्याभोवती एक सपाट जागा कोरली. पिंपळाभोवती पार बांधतात तशी, फक्त मिलिमीटरच्या हिशेबात. त्यानंतर ध्वनीपेक्षा सूक्ष्म कंपने देणारी एक सुई तुकड्याला टेकवून त्या भोवती फिरवू लागल्या, देवाच्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने. कारण फाईल सुलट फिरून आत रुतलेली, ती उलट फिरवल्यानेच सैल होणार. दर थोड्या वेळाने हात थांबे. कंपनाने उष्णता होते आणि मुळाबाहेरच्या हाडाला तिची झळ लागू द्यायची नसते. मध्येच औषधी पाण्याची धार, विरंजक चुन्यासारखा उग्र वास, पुन्हा ती डासासारखी किणकिण.

तोंड बधिर, हात पोटावर बांधलेले, डोळे मिटलेले. अशा स्थितीत वकिलाच्या डोक्यात खटले येतात. आम्हांस दोन जुने निकाल आठवले. पहिला १९३४ मधला, इंग्लंडातला, गर्बर विरुद्ध पाइन्स. डॉक्टर सुई टोचत असता ती रुग्णाच्या शरीरात मोडली. न्यायालय म्हणाले, सुई मोडली यात डॉक्टरचा दोष नाही. परंतु ती आत राहिली हे त्याने रुग्णाला लगेच सांगितले नाही, हा दोष. भरपाई पाच गिनी. दुसरा आयर्लंडमधला, डॅनियल्स विरुद्ध हेस्किन, १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला. बाळंतिणीला टाके घालताना सुई मोडली, डॉक्टरने परिचारिकेला सांगितले, बाईला सांगितले नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला. सांगणे न सांगणे हे त्या परिस्थितीत डॉक्टरच्या विवेकावर सोपविण्याजोगे, असा त्याचा आशय. हे दोन निकाल समोरासमोर ठेवून आम्ही तरुणपणी एका चर्चामंडळात तासभर बोललो होतो, आणि आयरिश निकालाची बाजू घेतली होती. ती बाजू वाद घालायला चांगली आहे. खुर्चीत आडवे पडले असता ती घेता येत नाही.

आणि इथेच ती मावशी आली.

चार वर्षांपूर्वी तिच्या अंगणातून शेजाऱ्याने वाट मागितली व दिवाणी न्यायालयात ती मिळविली. जिल्हा न्यायालयात अपील करायला कायद्याने तीस दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस त्यातून वगळतात. पण नक्कल तयार झाल्यावर आपण ती न नेल्यामुळे कचेरीत पडून राहिली, तर ते दिवस वगळता येत नाहीत. हे पहिल्या वर्षाच्या उमेदवार वकिलालाही ठाऊक असते. आम्हांसही ठाऊक होते. त्या महिन्यात आमच्या टेबलावर कागदांचा डोंगर होता, मोजणी घाईने केली, आणि अपील अकरा दिवस उशिरा गेले. उशीर माफ व्हावा म्हणून मुदतीच्या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली अर्ज केला. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलेले आहे. तेव्हा 'चूक वकिलाची' एवढे साधे वाक्य आम्ही लिहिले असते तर ते चालण्याचा पुष्कळ संभव होता. आम्ही लिहिले, 'नक्कल मिळण्यास लागलेल्या कालावधीविषयीच्या गैरसमजामुळे'. गैरसमज कोणाचा, ते लिहिले नाही. न्यायालयाने उशीर माफ केला, खर्चापोटी तीन हजार रुपये विरुद्ध पक्षाला द्यावेत या अटीवर.

मावशीने ते तीन हजार रुपये रुमालाच्या गाठीतून काढून आमच्या टेबलावर मांडले. दहाच्या नि वीसच्या नोटा, काही ओल्या. अबोलीचे वळेसर पाण्याच्या हाताने विकावे लागतात. तिने विचारले, हे कशाचे? आम्ही म्हटले, "कोर्टात उशीर झाला ना मावशी, त्याचे." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यातील एकही शब्द खोटा म्हणून कोणी दाखवून देऊ शकणार नाही. पुढे अपील आम्ही जिंकलो, वाट बंद झाली, मावशीची आमच्यावर श्रद्धा बसली, आणि चवथीला कवंडळे येऊ लागली. पांढऱ्यात पांढरे मिसळून गेले.

वाचकांपैकी जे आमच्या देवस्थानचे महाजन आहेत त्यांना गेल्या वर्षीची सभा आठवत असेल. खजिनदारांच्या हिशेबात चारशे रुपयांची तफावत निघाली होती आणि 'रक्कम लहान असेल, प्रश्न सांगण्याचा आहे' असे उभे राहून ठणकावणारे गृहस्थ आम्हीच. त्या दिवशी टाळ्याही पडल्या.

कायद्याचे म्हणाल तर आम्हांस भय नव्हते. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते हे १९९५ मध्येच ठरले. वकिलांची येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी सांगितले. तो निकाल आला त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये पेढे वाटले गेले, आणि आम्हीही एक खाल्ला. वकिलाचे काम पक्षकाराच्या आज्ञेने चालते, ते बाजारातल्या इतर सेवांसारखे नव्हे, हा त्यातील युक्तिवाद आम्हांस अजूनही पटतो. पण म्हणजे ज्या तरुणाने पट्टी खाली ओढून 'माझ्या हातून मोडले' म्हटले त्याला ग्राहक मंचाची भीती होती, समोर वकील बसला होता, आणि तरी त्याने म्हटले. आम्हांला कोणाचीच भीती नव्हती.

"निघाला," असे बाई म्हणाल्या तेव्हा अडतीस मिनिटे झाली होती. कापसावर एक चकाकणारा कण होता. आम्हांस वाटले होते त्याहून फार लहान. नीट पाहिले तर त्यावरचे पीळ दिसत होते. त्यांनी तो एका पारदर्शक पाकिटात घालून आमच्या हाती दिला, नळी धुऊन औषध भरले, आणि पंधरवड्याने ती गटापर्चाने बुजविली. मुळाशी असलेली सावली विरते की नाही हे पाहण्यासाठी सहा महिन्यांनी व मग वर्षाने चित्र काढायचे आहे. तोवर दाढ बरी झाली असे त्या म्हणणार नाहीत. आम्ही पहिल्या दंतवैद्यांना दूरध्वनी करून तुकडा निघाल्याचे कळविले. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, मुळाची भिंत किती उरली?

त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी आम्ही देवळाकडे गेलो. पालखीला अवकाश होता. तळीच्या काठी मावशी केळीच्या सोपटावर वळेसर मांडून बसली होती आणि नवा एक गुंफत होती. शेजारी पायरीवर बसून आम्ही तिला सगळे सांगितले. दिवस कसे मोजतात तेही सांगू लागलो होतो. ते सांगणे म्हणजे पुन्हा अर्ज लिहिण्यासारखेच आहे असे ध्यानात आल्यावर थांबलो, आणि म्हटले, चूक माझी होती, पैसे तुझे गेले. पाकिटातले तीन हजार तिच्यापुढे ठेवले.

तिचे हात थांबले नाहीत. चार फुले गुंफून झाल्यावर तिने विचारले, "तेन्ना कित्याक सांगलें ना, बाब?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिनेही वाट पाहिली नाही. दोरा दाताने तोडला, हात पदराला पुसले आणि नोटा मोजल्या; एकदा मोजून झाल्यावर पुन्हा. मग म्हणाली, ते पैसे भरायला आले तो श्रावणातला शुक्रवार होता, त्या दिवशी बसता आले नाही. श्रावणातल्या शुक्रवारी फुलांचा खप किती असतो हे गोव्यात राहणाऱ्यास सांगायला नको. किती गेले असतील, असे आम्ही विचारले. तिने थोडा विचार करून आठशे सांगितले. तेही दिले.

पालखीचे वाजंत्री सुरू झाले तसे आम्ही उठलो. घरच्यांसाठी म्हणून एक वळेसर ती दर सोमवारी आमच्या हाती देते, आणि गेली तीन वर्षे, कितीही म्हटले तरी, त्याचे पैसे घेत नाही. त्या दिवशीही तिने एक चांगला भरगच्च वळेसर निवडून केळीच्या पानात बांधला. आम्ही सवयीने खिशात हात घातला. तिने पैसे घेतले.